८२३५४३ नंबरची चादर

माझ्या मावशीला वासाचं वावडं होतं, आणि तिची सगळी नोकरी गेली ती इस्पितळाच्या धुलाईघरात. घरात कुणी मोजे काढून ठेवले तरी ती खिडकी उघडायची. भाजी नासायला लागली की आम्हाला कळायच्या आधी तिला कळायचं. अशा बाईनं चौतीस वर्षं रोज आठ तास दुसऱ्यांची घाण निवडली, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. पण तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आजोबा अचानक गेले तेव्हा ती नववीत होती, गणितात वर्गात पहिली. माझी आई तिच्याहून चार वर्षांनी लहान. दोघींपैकी एकीनं शाळा सोडायची होती आणि ती मोठी होती. संपला विषय.

धुलाईघर इमारतीच्या तळाशी होतं. वरच्या मजल्यांवरून चादरी, उशांच्या खोळी, रुग्णांचे अंगरखे जाड पिशव्यांत भरून एका पत्र्याच्या नळीतून खाली सोडायचे. पिशवी धप्पकन पडायची, आणि त्या आवाजावरून आत किती ओलं आहे ते मावशीला कळायचं. मग ती पिशवी पत्रा ठोकलेल्या लांब टेबलावर उलटी करायची. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, तोंडाला फडकं. एकेक कपडा झटकायचा, कारण त्यातून काहीही निघायचं. सुया निघायच्या, कवळ्या निघायच्या, अर्धवट चावलेलं बिस्कीट निघायचं. एकदा कापसात गुंडाळलेलं पायाच्या बोटाचं टोक निघालं होतं. झटकून झालं की तीन ढीग करायचे. नुसत्या घामाचे कपडे एका बाजूला, रक्ताचे दुसऱ्या बाजूला, कारण रक्त आधी गार पाण्यात घालावं लागतं, गरम पाण्यात ते कायमचं बसतं. उरलेलं सगळं तिसऱ्या ढिगात. त्या ढिगाला तिथल्या बायका ‘तिसरं’ एवढंच म्हणायच्या. त्याहून जास्त वर्णन करायची कुणालाच हौस नव्हती.

पहिल्या आठवड्यात ती तीनदा ओकली. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका जुन्या बाईनं तिला बाजूला नेऊन सांगितलं की नाकानं श्वास घ्यायचा नाही आणि डोकं इथे ठेवायचं नाही. ती बाई स्वतः मनातल्या मनात गाणी म्हणायची. मावशीला गाणी येत नव्हती. तिला पाढे येत होते.

प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं सहा आकडी नंबर शिवलेला असायचा. एकदा दिलेला नंबर कपडा फाटून गेला तरी दुसऱ्याला द्यायचे नाहीत. मावशीनं तो मोठ्यानं वाचायचा आणि पलीकडच्या खिडकीतल्या कारकून बाईनं तो लिहून घ्यायचा. म्हणजे दिवसाला सात-आठशे आकडे तिच्या तोंडून जायचे. मावशी त्यांचे भाग पाडायला लागली. दोननं जातो का, तीननं जातो का, अकरानं जातो का. हात ‘तिसऱ्या’त बुडालेले आणि डोकं भागाकारात. आकड्याला वास नसतो, असं ती म्हणायची.

हळूहळू तिला आकड्यांचे स्वभाव कळायला लागले. दोन आणि पाच शेवटच्या आकड्यावरूनच ओळखू येतात. तीन आणि नऊ आकड्यांच्या बेरजेवरून. सात मात्र हट्टी, त्याला सोपी खूण नाही. पण सहा आकडी संख्येसाठी तिनं स्वतःच एक युक्ती शोधली होती. पहिल्या तीन आकड्यांची एक संख्या, शेवटच्या तिनांची दुसरी, आणि दोघींची वजाबाकी. उत्तराला सातनं भाग गेला की मूळ आकड्यालाही जातोच. ही युक्ती पुस्तकांत आधीपासून होती हे तिला पुष्कळ वर्षांनी माझ्याकडून कळलं. तेव्हा ती म्हणाली की पुस्तकवाल्यांना ‘तिसरं’ उपसावं लागलं नाही, एवढाच फरक. रात्री जेवताना ती आम्हाला दिवसभरातला एखादा आकडा सांगायची. एका खोळीवर २६२१४४ होता. दोनची दुप्पट, मग तिची दुप्पट, अशी करत गेलं की बरोबर तिथे पोचतो, मध्ये दुसरं कुणी नाही. एका चादरीवर ५१०५१० होता. त्याला दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा सगळ्यांनी भाग जातो. असल्या सगळ्यांशी गोड बोलणाऱ्यावर आपला विश्वास नाही, असं ती म्हणाली आणि आई ताटावरून हसत उठली. धुलाईघरात तिला पाढेताई म्हणायचे.

त्या मंगळवारी साथीच्या जुलाबाच्या वॉर्डातून पिशव्या आल्या होत्या. मावशीची चाळिशी उलटली होती, नोकरीतच सव्वीस वर्षं होत आली होती, तरी त्या दिवशी फडक्यात ओवा बांधून ती उभी होती. पाचव्या की सहाव्या पिशवीतून एक चादर निघाली. मधोमध हिरवट-पिवळा डाग, काठाला काळपट, हाताच्या चार वितींएवढा. कोपऱ्यात नंबर होता ८२३५४३. तिनं सवयीनं वजाबाकी केली. आठशे तेवीसातून पाचशे त्रेचाळीस गेले, दोनशे ऐंशी. सातचा भाग जातो. भागून आले ११७६४९. त्यालाही सात लागला. मग १६८०७, तोही सातचा. मग २४०१. मग ३४३. इथे तिच्या हातातली चादर थांबली. ३४३ तिला पाठ होता, सात साती एकोणपन्नास, एकोणपन्नास साती तीनशे त्रेचाळीस. म्हणजे सात वेळा सात मांडून सगळ्यांचा गुणाकार केला की हा आकडा येतो, आणि त्यात सातशिवाय कुणाचा शिरकावच नाही. तिनं लगेच शेजारचेही तपासले. सहा वेळा सहा मांडले तर उत्तर पाच आकडीच भरतं. आठ वेळा आठ मांडले तर ते आठ आकड्यांवर जातं. सहा आकड्यांत असा तोच एक. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदा तिच्या हातात आला होता, आणि आला तो असा माखून. खिडकीतली कारकून बाई ओरडली की पाढेताई, झोप लागली का. मावशीनं नंबर वाचला आणि चादर ‘तिसऱ्या’त टाकली.

बुधवारी सकाळी तीच चादर परत आली. या वेळी लहान मुलांच्या वॉर्डातून. वर ताजी दुधाची ओकारी होती. मावशीनं नंबर वाचायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ‘तिसऱ्या’तले कपडे आधी रात्रभर औषधात भिजतात, मग उकळतात, मग वाळून इस्त्रीच्या गरम रुळाखालून निघतात. तिसऱ्या दिवशीच्या आत चादर वर जाऊच शकत नाही. तिनं ओकारी बाजूला पुसली. खाली कालचा डाग होता. तोच आकार, तोच काळपट काठ, फक्त रंग आता तपकिरी झाला होता. गरम रुळाखाली घाण भाजली की ती अशी होते. डाग कडक झाला होता, पापडी धरल्यासारखा.

तिनं तोंडावरचं फडकं खाली केलं आणि नोकरीत पहिल्यांदा मुद्दाम नाकानं श्वास घेतला. वर अत्तराचा वास होता, गुलाबाचा. त्याच्या खाली कालचं सगळं जसंच्या तसं होतं. ती मोरीपर्यंत पोचू शकली नाही.

अत्तर कुणाचं हे धुलाईघरात कुणालाही विचारायची गरज नव्हती. मॅनेजर साहेब दारात यायच्या आधी त्यांचा गुलाब यायचा. ते कधी निवडणीच्या खोलीत पाऊल टाकत नसत. दारातूनच रुमाल नाकाला लावून सूचना द्यायचे. बायका त्यांना अत्तरसाहेब म्हणायच्या.

निवडणीवाल्यांना धुतलेल्या बाजूला जायची मनाई होती. मधे भिंत होती, आणि इकडची घाण तिकडे जाऊ नये म्हणून नियम कडक होता. मावशी हातपाय धुऊन मागच्या अंगणातून वळसा घालून गेली. तिथे कपडे धुवायचे तीन मोठे ड्रम होते. दोन बंद होते, आणि एकाच्या झाकणावर धुळीत कुणीतरी बोटानं चेहरा काढला होता. उरलेल्या एका ड्रमात डॉक्टरांचे कोट फिरत होते. भिंतीपाशी दोन माणसं ‘तिसऱ्या’तल्या चादरी पसरून त्यांवर झाडांना मारतात तसल्या पंपानं पाणी फवारत होती. मग बाटलीतलं सुगंधी पाणी. मग चादर सरळ गरम रुळाखाली, घडी, गठ्ठा, वर. रुळावरचा इस्त्रीवाला मावशीला ओळखत होता. तो खाली मान घालून म्हणाला, “दोन महिने झाले, ताई. वरून सांगितलंय. आम्हाला काय हौस आहे का?”

दोन महिने. मावशी मला सांगायची, त्या क्षणी तिला त्या माणसांची किळस आली त्यापेक्षा जास्त स्वतःची आली. कारण या दोन महिन्यांत तिच्या हातांतून असे कडक तपकिरी डाग शेकड्यांनी गेले होते. हातांना ते कळले होते. डोकं मात्र भागाकारात होतं.

ती सरळ मॅनेजर साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, रुमाल काढला आणि शांतपणे सांगितलं की तिचा वाचण्यात घोटाळा झाला असणार. कालची चादर ८२३५३४ असेल. त्रेचाळीस आणि चौतीस, शेवटचे दोन आकडे उलटसुलट वाचले जातात, इतक्या वर्षांनंतर डोळ्यांचा दोष असतो.

“आकडे असे उलटले की फरक नेहमी नऊच्या पटीत पडतो, साहेब,” मावशी म्हणाली. “इथे नऊच पडतो. सातनं पूर्ण भाग जाणाऱ्या आकड्यातून नऊ काढले की त्याला सात लागत नाही, पाच उरतात. मी काल सातनं सात वेळा भागलाय. शेवटी एक उरेपर्यंत.”

साहेबांनी रुमालाची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाले, “तुम्हाला इथे भागाकार करायचा पगार मिळत नाही.”

खाली येऊन मावशीनं ती चादर एकात एक अशा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली, तोंड दोरीनं आवळलं आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग पायऱ्या चढून मेट्रनबाईंकडे गेली. मेट्रनबाई म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या वरच्या, बोलायला फटकळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मुलांच्या वॉर्डात त्या आठवड्यात जुलाबाची चार मुलं वाढली आहेत एवढंच सांगितलं, आणि चौकशी लावली.

चौकशी सोमवारी झाली. बैठकीच्या खोलीत गुळगुळीत लाकडी टेबल, चहा, बिस्किटं. मुख्य डॉक्टर, प्रशासन अधिकारी, मेट्रनबाई आणि अत्तरसाहेब. मावशीला टेबलाच्या टोकाला उभं केलं. अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न रास्त विचारला की रोज सात-आठशे कपडे हाताळणाऱ्या बाईला एका चादरीचा नंबर आठवतो कसा. मावशीनं सातची गोष्ट सांगितली.

मुख्य डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, आकडे दाबले, आणि अरेच्चा म्हणाले. त्यांना लहानपणी गणिताची आवड होती म्हणे. त्यांनी विचारलं, पाच वेळा पाच मांडले तर? मावशी म्हणाली, एकतीसशे पंचवीस. अधिकाऱ्यांना चेव आला. त्यांनी आपल्या गाडीचा नंबर दिला, ४१९९. मावशीनं क्षणभर छताकडे बघितलं आणि सांगितलं, तेरा, सतरा आणि एकोणीस. अधिकाऱ्यांनी गुणून पाहिलं आणि टेबलावर थाप मारली. मग सातला सोपी खूण का नाही, कशानेच भाग जात नाही असा आकडा ओळखायचा कसा, असं सगळं सुरू झालं. मावशी उत्तरं देत गेली. नववीनंतर तिला कुणी गणितातलं काही विचारलंच नव्हतं.

“दहा मिनिटं मीही नाचले गं,” ती मला सांगायची. “डॉक्टर वाहवा करतायत, मी फुगतेय. ती चार मुलं, ती चादर, सगळं विसरले. थू आहे माझ्यावर.”

तिला भानावर आणलं ते अत्तरसाहेबांनी. त्यांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. पाढेताई म्हणजे आमच्या खात्याचं भूषण आहेत, यांचा सत्कार झाला पाहिजे, असं ते म्हणाले. मुख्य डॉक्टरांनी मान डोलावली, अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी टिपलं, आणि चहाचा दुसरा कप आला. चौकशी संपल्यातच जमा होती.

मावशी बाहेर पडली. सगळ्यांना वाटलं लाजली. ती तळघरात गेली, कपाट उघडलं, पिशवी उचलली आणि परत वर आली. बिस्किटांची बशी बाजूला सरकवून तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि दोरी सोडली.

पाच दिवस बंद पिशवीत, उन्हाळ्यात, बंद कपाटात ती चादर होती. तिनं ती दोन्ही हातांनी झटकून टेबलभर पसरली, घरी अंथरूण घालतात तशी. त्या वासाचं वर्णन तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खुर्च्या मागे गेल्या. अधिकारी खिडकीकडे धावले आणि त्यांना ती उघडता येईना. मुख्य डॉक्टरांनी बाही नाकावर धरली. अत्तरसाहेबांचा रुमाल तर आधीच हातात होता.

“नंबर कोपऱ्यात आहे,” मावशी म्हणाली. “हातात घेऊन वाचा. लेकरं झोपली होती यावर.”

कुणी हात पुढे केला नाही. शेवटी मेट्रनबाई उठल्या. त्यांनी हातमोजे घातले नाहीत, रुमालही काढला नाही. उघड्या बोटांनी तो कोपरा उचलला, एकेक आकडा मोठ्यानं वाचला, आणि मग तो तपकिरी डाग नखानं खरवडून ती पापडी मुख्य डॉक्टरांच्या समोर, त्यांच्या कागदावर टाकली. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन ओकले. मावशीच्या मते त्या खोलीतल्या सगळ्या पुरुषांत तेवढंच एक प्रामाणिक काम झालं.

त्यानंतर नऊ दिवसांत दोन्ही ड्रम सुरू झाले. लागणारा सुटा भाग दोन महिने भांडारातच पडून होता. आणायला जायचं म्हणजे चार सह्या लागत होत्या, आणि त्या कोण गोळा करत बसणार. चारही मुलं बरी झाली. त्यांतली एक छोटी मुलगी एकोणीस दिवस आत होती आणि घरी गेली तेव्हा तिला आईनं उचलून न्यावं लागलं. कागदावर कारण ‘अज्ञात’ असं लिहिलं गेलं. अत्तरसाहेबांना धुलाईघरातून हलवलं आणि इस्पितळाच्या स्वयंपाकघराचं प्रमुख केलं. ही बातमी ऐकली तेव्हा मावशी आमच्या घरच्या अंगणात उभी होती. ती जमिनीवर थुंकली. असं करताना आम्ही तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

सत्कार खरंच झाला. इस्पितळाच्या मासिकात तिचा फोटो आला, खाली ‘धुलाईघरातली गणिती’. सातच्या पाढ्याचं कौतुक भरपूर होतं, चादरीबद्दल अक्षरही नव्हतं. आईनं ते पान कापून ठेवायचं ठरवलं होतं. मावशीनं ते शेगडी पेटवायला वापरलं.

तिनं भाग पाडणं सोडून दिलं. जेवताना मी कधी विचारलं की आज कोणता आकडा, तर म्हणायची की आज फक्त कपडे होते. उरलेली आठ वर्षं ती तोंडावरचं फडकं नाकाखाली ठेवून काम करत राहिली. नव्या मुलींना ओकारी यायची तेव्हा ती त्यांना गाणी म्हणायला सांगत नसे. ओका, तोंड धुवा आणि या, असं म्हणायची. मी एकदा तिला म्हटलं की आता स्वतःला एवढा त्रास कशाला देतेस. ती म्हणाली, “त्या माणसाकडे अत्तर होतं आणि माझ्याकडे आकडे. वास दोघांनाही येत नव्हता.”

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी तिच्या पित्ताशयात खडे निघाले आणि त्याच इस्पितळात शस्त्रक्रिया ठरली. मी तिला घेऊन गेले. खाटेवर पांढरीशुभ्र चादर होती. मावशी आडवी व्हायला तयार नव्हती. पोटात कळा येत होत्या तरी तिनं चादरीचं एक टोक उचललं आणि उशापासून पायथ्यापर्यंत हुंगत गेली. तरुण परिचारिका माझ्याकडे बघून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “धुतलीय,” मावशी म्हणाली आणि झोपली.

तिसऱ्या दिवशी तिला खायची परवानगी मिळाली. वॉर्डातली मदतनीस बाई झाकलेली ताटं घेऊन आली. मावशीनं झाकण उचलायच्या आधी विचारलं की हल्ली स्वयंपाकघर कोण बघतं. तेच साहेब, बाई म्हणाली, पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, फार सभ्य माणूस, अंगाला कसा छान गुलाबाचा वास येतो.

मावशीनं ताट तसंच झाकलेलं बाजूला सारलं आणि मला घरून डबा आणायला सांगितलं. मी निघाले, दारापर्यंत पोचले, तेवढ्यात तिनं शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला विचारलेलं ऐकू आलं, “तुम्हालाही आणायला सांगू का, आजी?” म्हातारीनं आपल्या ताटाकडे एकदा पाहिलं आणि हो म्हणाली. तिच्या पलीकडच्या दोघींनीही मान वर केली.

दुसऱ्या दिवसापासून मी चार डबे नेत होते.